नाशिक कितवे?

राहण्याजोग्या शहरांची यादी जाहीर झाली की नाशिकमध्ये एकच प्रश्न विचारला जातो : आपण कितवे? क्रमांक वर सरकला असेल तर अभिनंदनाचे फलक लागतात, घसरला असेल तर अधिकाऱ्यांकडे खुलासा मागितला जातो, आणि आठवडाभरात दोन्ही विसरले जाते. यादीतले आकडे कुठून आले, त्यांना कशाने भागले आणि मुळात ते कोणाच्या राहण्याविषयी बोलतात, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

गेली काही वर्षे मी हे अहवाल परिशिष्टांसकट वाचत आलो आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाचे निर्देशांक, जनगणनेचे तक्ते, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदी, असा हा पसारा आहे. त्यातून माझे जे मत बनले ते आधीच सांगून टाकतो. सार्वजनिक आकडेवारी हे शहर समजून घेण्याचे उत्तम साधन आहे. पण शहरांची रांग लावण्यासाठी ती वापरली की ज्या कामासाठी ती खरोखर उपयोगी आहे तेच काम मागे पडते. हे काम म्हणजे एकाच शहरातल्या माणसामाणसांतले अंतर दाखवणे.

रांगेचे गणित

केंद्राचा 'जगण्यातील सुलभता' निर्देशांक प्रथम ऑगस्ट २०१८मध्ये जाहीर झाला. १११ शहरांत पुणे पहिले आले आणि पुण्याला चिकटलेले पिंपरी-चिंचवड ६९वे. एका शहरात राहायचे आणि दुसऱ्यात कामाला जायचे असा ज्यांचा दिनक्रम आहे, त्यांच्या दिवसाचा अर्धा भाग देशात पहिला आणि अर्धा एकोणसत्तरावा ठरला. मार्च २०२१मध्ये पुढचा निर्देशांक आला. त्यात पिंपरी-चिंचवड १६वे होते. अडीच वर्षांत, त्यातही करोनाच्या वर्षात, त्या शहरात एवढा पालट झाला होता का? पालट झाला होता तो मोजपट्टीत.

पहिल्या निर्देशांकात भौतिक सुविधांना १००पैकी ४५ गुण होते, संस्थात्मक आणि सामाजिक बाबींना प्रत्येकी २५ आणि अर्थकारणाला अवघे ५. दुसऱ्यात जीवनमानाला ३५, आर्थिक क्षमतेला १५, शाश्वततेला २० आणि नागरिकांच्या मतसर्वेक्षणाला ३० गुण दिले गेले. शिवाय दहा लाखांवरची ४९ शहरे एका गटात गेली आणि उरलेली ६२ दुसऱ्या गटात. नाशिक दोन्ही वेळा पहिल्या दहांत नव्हते. या दोन याद्यांतून नाशिकविषयी यापलीकडे काही निष्कर्ष काढायला मी तयार नाही, कारण दोन वेगळ्या पट्ट्यांनी घेतलेल्या मापांची वजाबाकी करता येत नाही.

अर्थकारणाला ५ गुण द्यावेत की १५, हा गणिताचा प्रश्न नाही, मताचा आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या मुलाला विचारले तर तो कदाचित ५० म्हणेल. पंडित कॉलनीतले निवृत्त गृहस्थ हवा, पाणी आणि दवाखाना यांना ८० देतील. दोघेही बरोबर आहेत. निर्देशांक मात्र एकाचेच मत गृहीत धरतो आणि दोन दशांश स्थळांपर्यंत गुण देऊन त्या मताला वस्तुस्थितीचा आव आणतो.

स्वच्छ सर्वेक्षणाचे उदाहरण तर घरचेच आहे. २०१९मध्ये नाशिक ६७वे होते, २०२०मध्ये ११वे झाले. केवढा आनंद झाला होता! पण २०१९ची रांग एक लाखावरच्या सगळ्या शहरांची होती आणि तिच्यात सव्वाचारशे शहरे उभी होती. २०२०ची रांग दहा लाखांवरच्या ४७ शहरांची होती. सफाई कामगारांनी मेहनत घेतली असेल, घंटागाड्या वेळेवर आल्या असतील. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण ६७ आणि ११ या दोन आकड्यांत ते श्रेय किती आणि रांग आखूड झाल्याचा परिणाम किती, हे वेगळे काढता येत नाही.

जगभर ज्यांचा बोलबाला असतो त्या याद्यांचे मूळ पाहिले तर हा गोंधळ अधिक उलगडतो. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'ची शहरांची यादी बड्या कंपन्यांच्या एका अगदी व्यावहारिक गरजेला उपयोगी पडत आली आहे. अधिकाऱ्याला परदेशात पाठवताना गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे तिच्यावरून ठरवता येते. तो पाहुणा असतो, दोन-चार वर्षांनी परतणार असतो आणि त्याचे भाडे कंपनी भरते. त्याच्या नजरेने पाहिलेल्या शहरात पेठेतली वाडा संस्कृती, स्वस्त मिसळ किंवा हाकेच्या अंतरावरचे मामाचे घर यांना जागा नसते. आपल्या देशी निर्देशांकांनी प्रश्नावली बदलली, पण शहराकडे बाहेरून पाहून त्याला गुण देण्याची सवय तीच ठेवली.

छेदात अडकलेले शहर

दरडोई पाणी, दरहजारी खाटा, दरलाखी बस असा कोणताही दर काढायचा तर खाली लोकसंख्या लागते. नाशिक महापालिका क्षेत्राची शेवटची मोजलेली लोकसंख्या १४,८६,०५३ आहे आणि ती २०११ची आहे. २०२१ची जनगणना झाली नाही. पुढची आता २०२७मध्ये व्हायची आहे. म्हणजे आज आपण जो प्रत्येक दर वाचतो त्याच्या अंशात आजचे नळ आहेत आणि छेदात २०११ची माणसे.

याने किती फरक पडतो ते पाहू. २००१मध्ये शहराची लोकसंख्या १०,७७,२३६ होती. दहा वर्षांत ती जवळपास ३८ टक्क्यांनी वाढली. हाच वेग पुढे टिकला असे धरले, तर २०२५मध्ये ती २३ लाखांच्या आसपास असायला हवी. हा अंदाज आहे. वेग मंदावलाही असेल. पण जुन्या छेदाने जे पाणी माणशी १३५ लिटर, म्हणजे नागरी पुरवठ्यासाठी केंद्राने ठरवलेल्या प्रमाणाइतके दिसते, ते या अंदाजाने ८६ लिटरच भरते. धरण तेच, जलवाहिनी तीच, फक्त भागाकार बदलला. पाथर्डी फाट्याच्या किंवा म्हसरूळच्या नव्या सोसायट्यांत टँकर का येतात, याचे अर्धे उत्तर या भागाकारात आहे.

कधी कधी मात्र छेद जुना असूनही खरे बाहेर येते. जुलै २०२१मध्ये महापालिकेची 'सिटीलिंक' बससेवा सुरू झाली. ताफा सुमारे २५० बसचा. केंद्राच्या नागरी वाहतुकीच्या मानकांनुसार हजार माणसांमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर सेवा पहिल्या स्तराची, ०.२हून कमी असतील तर चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या. २०११ची लोकसंख्या धरली तर नाशिकचे उत्तर ०.१७ येते, २३ लाख धरले तर ०.११. दोन्ही भागाकारांनी स्तर चौथाच. असा निष्कर्ष माझ्या मते खरा मोलाचा आहे, कारण छेदाबद्दल कितीही वाद घातला तरी तो ढळत नाही. नाशिक दुचाकींचे शहर का झाले, हे तो एका ओळीत सांगतो. आणि त्यासाठी नाशिक सुरतेच्या पुढे की मागे, हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

सरासरीत हरवलेल्या पेठा

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महापालिका झाली तेव्हा जुन्या नगरपालिकांबरोबर भोवतालची वीसहून अधिक गावेही शहराच्या हद्दीत आली. आज ही हद्द सुमारे २६० चौरस किलोमीटर भरते. जनगणनेच्या लोकसंख्येला तिने भागले की चौरस किलोमीटरला ५,७०० माणसे अशी घनता निघते. कागदावर हे ऐसपैस शहर आहे. पण या सरासरीत मखमलाबाद-आडगावची द्राक्षे आणि भाजीपाल्याची शेते आहेत, आणि त्याच सरासरीत जुन्या नाशकातल्या गल्ल्या, भद्रकाली आणि सिडकोच्या चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगाही आहेत. ५,७०० माणसांच्या घनतेत राहणारा नाशिककर प्रत्यक्षात शोधूनही सापडायचा नाही.

महापालिकेचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सिडको आणि सातपूर. या सहांची पाणी, उद्याने, शौचालये, दवाखाने आणि पदपथ यांची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवणारा एक साधा तक्ता दरवर्षी वर्तमानपत्रांत छापला जावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. महापालिका अधिनियमानुसार पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दरवर्षी निघायला हवा. त्यात भरपूर माहिती असते. पण अहवाल शहराला एकसंध मानतो आणि विभागांतली तफावत सरासरीत विरघळते. शहरे शहरांशी ताडून पाहिली जातात, विभाग विभागांशी नाही, हा निव्वळ योगायोग नव्हे. नाशिक इंदूरच्या मागे पडले तर कोणाला विशेष बोल लागत नाही. सातपूर नाशिक पश्चिमच्या मागे पडले, तर पैसा कुठे गेला हे विचारावे लागते.

जिल्ह्याच्या समालोचनातही हीच अडचण, फक्त अधिक मोठी. तिथले एकक जिल्हा आहे. सुरगाणा-पेठचे आदिवासी पाडे, मालेगावचे यंत्रमाग, निफाडचे कांदा-द्राक्षांचे मळे आणि कॉलेज रोड ही सगळी २०११च्या ६१,०७,१८७ लोकसंख्येत एकत्र बसतात. त्या पुस्तकातून 'नाशिक' उचलून शहराविषयी विधाने करणारे लेख मी अनेक वाचले आहेत. ती विधाने ज्या माणसाविषयी असतात तो पंधरा तालुक्यांच्या मिश्रणातून तयार झालेला असतो.

मेला कुठे आणि मोजला कुठे

आरोग्य आणि सुरक्षितता यांचे आकडे वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यानुसार नोंद घटना जिथे घडते तिथे होते. हरसूल किंवा सुरगाण्याहून अत्यवस्थ अवस्थेत नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आणलेली बाळंतीण दगावली, तर तो मृत्यू शहराच्या नोंदवहीत लिहिला जातो. शहराचा मृत्युदर वाढतो आणि तिच्या तालुक्याचा, जिथे तिला वेळेत वाहन आणि डॉक्टर मिळाला नाही, तो आहे तिथेच राहतो. शहर चांगल्या सोयींची जितकी ओढ लावते तितकी त्याची आकडेवारी बिघडते.

८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रस्त्यावर एका खासगी प्रवासी बसला अपघातानंतर आग लागली आणि १२ जण मृत्युमुखी पडले. बस यवतमाळहून मुंबईला निघाली होती. दशलक्षी शहरांच्या रस्ते-अपघातांच्या हिशेबात असे मृत्यू नाशिकचे ठरतात. शहराच्या हद्दीतला धोकादायक चौक ही शहराची जबाबदारी आहे, यात वाद नाही. पण हे बळी नाशिककरांच्या रोजच्या जगण्याचे माप म्हणून वापरता येत नाहीत. ते त्या महामार्गाचे, रात्रीच्या प्रवासी वाहतुकीचे आणि तिच्या तपासणीचे माप आहेत.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, दाब कमी झाला आणि त्याच दिवशी २२ रुग्णांचे प्राण गेले. आदल्या दिवशी कोणी त्या रुग्णालयाचे मूल्यमापन केले असते तर खाटा, कृत्रिम श्वसनयंत्रे आणि नवी कोरी टाकी या सगळ्यांनी गुण मिळवून दिले असते. निर्देशांक साधने मोजतो. साधन ऐन वेळी चालते का, दुसरी वाट आहे का, हे तो मोजत नाही. माणसाच्या जिवाशी मात्र त्याचाच संबंध असतो.

नदी, हवा आणि शेजारधर्म

नाशिककरांचे आपल्या हवेवर फार प्रेम आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसलेल्या शहराला ते शोभतेही. तरीही केंद्राच्या २०१९च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेचे प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. आपल्याकडे सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम १०ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासूनची मर्यादा १५ आहे. थंडीत सकाळी गोदाकाठी वाटणारा गारवा आणि श्वासात जाणारी धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अंगाला जाणवते, दुसरी केवळ आकड्यातून कळते. इथे आकडेवारी आपल्या प्रेमाला जागे करते आणि तिचे आभारच मानायला हवेत.

गोदावरीच्या बाबतीतही तसेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रात होते. सोमेश्वर मंदिरापासून खालची गोदावरी त्यांत पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट, प्राधान्यगटात होती. स्नानासाठीच्या पाण्यात जैविक ऑक्सिजनची मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी असा निकष आहे. रामकुंड सोमेश्वरच्या खालीच आहे. तिथे बुडी मारणाऱ्या भाविकाला वार्षिक सरासरी काय करायची? त्याला त्या दिवसाचा, त्या कुंडाचा आकडा हवा. गंगापूर धरणातून पाणी सोडले की नदी दोन दिवस देखणी होते. नमुना कोणत्या दिवशी घेतला यावर नदीची परीक्षा पास होणे किंवा नापास होणे अवलंबून असेल, तर त्या निकालाला फारसा अर्थ नाही.

आणि पाणी केवळ नाशिकचे नाही. राज्याच्या २००५च्या जलसंपत्ती नियमन कायद्याच्या आधारे, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत पुरेसा, म्हणजे ६५ टक्के, साठा नसेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. २०१८ आणि २०२३मध्ये ते सोडले गेले. दोन्ही वेळा इथे आंदोलने झाली. 'नाशिक किती राहण्याजोगे' हे ठरवताना नाशिकला किती पाणी मिळते ते मोजले जाते. नाशिककर ते वापरून, सांडपाणी करून, पैठणच्या दिशेने काय सोडतात, हेही त्याच तक्त्यात हवे. खालच्या गावांची घागर गढूळ करून वाढवलेले गुण हे नदीकाठच्या शहराला शोभत नाहीत.

दुतोंड्या मारुतीचे माप

मग चांगले माप कसे असते? नाशिकला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोदाघाटावर नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले अशी बातमी गावभर पसरते. मारुती बुडाला की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवतात. नारोशंकराच्या घंटेला पाणी टेकले की महापूर. १९६९पासून २०१९पर्यंतचे पूर नाशिककरांच्या तोंडी याच मापात आहेत.

या मापाचे गुण पाहा. ते जागचे हलत नाही, त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा पूर आणि यंदाचा पूर ताडून पाहता येतो. ते कोणालाही वाचता येते. त्यासाठी खुलासा लागत नाही की सादरीकरण. ते वर्षाची सरासरी सांगत नाही, सर्वांत वाईट दिवस सांगते. ते वाचून काय करायचे हेही लोकांना ठाऊक असते. आणि ते अहमदाबादच्या साबरमतीशी नाशिकची तुलना करत नाही. पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल, याच जातीच्या आहेत, फक्त त्या अधिक शास्त्रीय आहेत. नाशिक नऊ टेकांवर वसले असे जुनी म्हण सांगते. वस्ती करणाऱ्यांनी आधी पाणी कुठवर चढते ते पाहिले होते. निळ्या रेषेच्या आत आज किती कुटुंबे झोपतात, हा एक आकडा मला कोणत्याही क्रमांकाहून अधिक राहण्याजोगेपणाविषयी सांगेल.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक विभागात दहा-बारा गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे मोजाव्यात : नळाला किती तास पाणी, पहाटे पहिली बस कधी आणि रात्री शेवटची कधी, सर्वांत जवळच्या प्रसूतिगृहाचे अंतर, त्या महिन्यातली सर्वांत वाईट हवा, सर्वांत वाईट पाणी. शहराचा गुणांक त्यांच्या सरासरीवर न काढता सर्वांत मागे असलेल्या विभागावरून काढावा. ज्या दिवशी त्या विभागाचे पाऊल पुढे पडेल, त्या दिवशी शहर पुढे गेले असे म्हणावे.

हे आत्ता बोलायचे कारण आहे. मार्च २०२२पासून पुढे बराच काळ नाशिक महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. प्रभागाचा आकडा सभागृहात मागणारा नगरसेवकच नसेल तर प्रभागाचा आकडा तयार करण्याची निकडही उरत नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ ही सिंहस्थाच्या ध्वजारोहणाची तारीख आहे, २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नाने आहेत आणि त्याच वर्षी जनगणना. पर्वणीच्या दिवसांत रस्ते, पूल, मलनिस्सारण यांवर मोठा खर्च होईल आणि देशभरातून माणसे येतील. ती पाहुणी आहेत, परत जातील. साधुग्रामची व्यवस्था कशी होती याला गुण मिळतील. पण तपोवनाच्या पलीकडच्या वस्तीत सिंहस्थ संपल्यानंतरच्या मे महिन्यात नळाला किती वेळ पाणी आले, हे कोणी मोजले नाही तर तो सगळा खर्च पाहुण्याच्या नजरेतल्या शहरावर झाला असे म्हणावे लागेल.

मत मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराला नाशिकचा क्रमांक विचारण्यात अर्थ नाही. तो त्याला पाठ असेल. आपल्या प्रभागाचा पाण्याचा आकडा विचारावा, तो कोणत्या वर्षाच्या लोकसंख्येने भागला ते विचारावे, आणि शेजारच्या प्रभागाचा आकडा त्याच्या शेजारी लिहून मागावा.